घाटावर नेलं

मी एकदा एका जिवंत माणसाचं सुतक पाळलं होतं. तीन-चार तासच, पण अगदी रीतसर. डोक्यावरून आंघोळ केली, ताईची पांढरी साडी नेसले, चुलीवरचं दूध उतरवून ठेवलं आणि त्या माणसाच्या लेकीला कोपरा फाडलेलं कार्ड पाठवलं. माझ्या नातवंडांना हे समजावून सांगावं लागतं: तेव्हा मरणाची बातमी असली की पोस्टकार्डाचा कोपरा फाडायचे, म्हणजे अक्षरं वाचायच्या आधीच काळजाला कळायचं. मी तो कोपरा इतका मन लावून फाडला की पत्त्यातला तालुका निम्मा गेला.

एकोणीस वर्षांची होते. मराठी विषय घेऊन पुण्यात बी.ए. करत होते, म्हणजे मराठी भाषा आपल्याशिवाय पोरकी आहे अशी माझी समजूत होती. महाराष्ट्र होऊन दोन-तीनच वर्षं झालेली. माझे भाऊजी बुलढाणा जिल्ह्यात, घाटाच्या पायथ्याच्या एका लहानशा गावात हेडमास्तर होते आणि ओसरीवर पोस्टही चालवत. दिवाळीच्या सुटीत मी ताईकडे गेले. नांदुऱ्याला रेल्वेतून उतरले तेव्हा पायात टाचांच्या चपला होत्या आणि पिशवीत एक कोरी वही, तिच्यावर ठळक अक्षरांत 'निसर्गवर्णने'. ती वही आज हाताला लागली तर मी आधी दार लावून घेईन.

ज्यांच्याबद्दल लिहायला बसले आहे ते ताईचे घरमालक. सगळं गाव त्यांना आबाजी म्हणे. साठीचे, सडपातळ, गुडघ्यापर्यंत धोतर, डोक्याला मळकं मुंडासं. बायको कधीच गेलेली. गावाबाहेर दोन एकरांचा भाजीपाल्याचा मळा आणि त्यात एक विहीर. वांगी, भेंडी, काकडी वडनेर भोलजीच्या बाजारात जायची. पण मळ्याचं काम उरकलं की माणूस डोंगरात. लाकूड नाही, गुरं नाहीत, काही आणायचं नाही. नुसतं जायचं. गाव म्हणायचं, आबाजीच्या डोक्यात जरा हवा शिरली आहे.

मला डोंगर पाहायचे होते. वहीसाठी. ताईने त्यांनाच विचारलं. त्यांनी माझ्या पायांकडे बघितलं.

"ह्या टाचा कोनाच्या?"

"माझ्या."

"मंग घरी ठेव. डोंगराले टोचतीन."

दुसऱ्या दिवशी ताईच्या जुन्या वहाणा घालून मी निघाले. डोंगर समोर आला तसा मी हात लांब करून विचारलं, "तो कुठला?" तर त्यांनी माझं बोट धरून दुमडलंच.

"असं बोट नाई दाखवू. काकडीच्या कळीले बोट दाखवलं तं काय होते?"

"कुजते म्हणतात."

"मंग?"

"पण डोंगर काही वाढत नाही, आबाजी."

"काऊन? गेल्या साली मोजला होता का तू?"

मोजला नव्हता. त्या दिवसापासून मीही दुमडलेल्या बोटाने डोंगर दाखवायला लागले. आजही कुणी गाडीतून बोट लांब करून डोंगर दाखवला की माझा हात आपोआप पुढे होतो. नातू म्हणतो, आजी, तुझं काहीतरीच.

अंतर ते सुपारीत मोजायचे. एक खांड गालात धरलं की विरघळेपर्यंत जेवढं चालणं होईल ती एक सुपारी. झरा दीड सुपारी, सालईची झाडं अडीच सुपाऱ्या. मी घड्याळ बघून म्हटलं, "म्हणजे पस्तीस मिनिटं." तर म्हणाले, "असन. पन त्याले चव नाई."

दाट झाडीच्या वळणावर ते मोठ्याने खाकरायचे. मला वाटलं, म्हाताऱ्याला कफ झाला आहे. मी आल्याचा काढा सुचवला.

"कफ नाई बाप्पा. अस्वलाचं घर हाय इथं. दुसऱ्याच्या घरात शिरतानी खाकराव नाई लागत काय?"

त्यानंतर मी त्यांच्यापेक्षा मोठ्याने खाकरत होते. प्रत्येक वळणावर. साध्या पायवाटेवरही. शेवटी ते म्हणाले, "पुरे कर आता. सशाचे पिल्लं झोपून राह्यले असतीन."

आणि डोंगर उतरताना ते उलटे चालत. तोंड डोंगराकडे, पाठ गावाकडे, एकेक पाऊल मागे. घरातल्या मोठ्या माणसाकडे पाठ करून कोणी निघतं का, असं त्यांचं म्हणणं. वाटेतला दगड न् दगड पाठ असल्यासारखे ते सरसर उतरायचे. मीही करून बघितलं. सहाव्या पावलाला मी सीताफळाच्या झुडपात बसलेली होते. आबाजींनी मला बाहेर काढायच्या आधी त्याच झुडपातली डोळा पडलेली, पिकायला आलेली दोन फळं तोडून घेतली. मग मला हात दिला.

मी त्यांचं बोलणं दुरुस्त करायचे, हे सांगायलाच हवं. लाज वाटते, पण सांगते. "मले नाही आबाजी, मला म्हणा." "जाऊन राह्यलो नाही, जातो आहे." एक दिवस ते वांग्यांना पाणी देत होते, वाकल्या वाकल्या म्हणाले, "पोरी, तुह्यं 'मला' तुले राहू दे, माह्यं 'मले' मले राहू दे. दोघाईचं भागते." हे मी वहीत उतरवून घेतलं नाही. निसर्गवर्णनात बसत नव्हतं ना!

डोंगराच्या माथ्यावर, जिथे चढ संपून वरचं सपाट रान सुरू होतं, तिथे एक अंजनाचं झाड होतं. आबाजी तिथवर जात आणि झाडाला टेकून बसत. एक पाऊल पुढे टाकत नसत. समोर दोन-तीन शेतांपलीकडे एक गाव दिसायचं. कौलं, धूर, मोटारीच्या सडकेचा एक तुकडा. मी पुढे जायला निघाले की म्हणत, "तू जा. मी हाय इथंच." दोन दिवस मी गेले आणि आले. तिसऱ्या दिवशी विचारलं.

"तुम्ही काऊन नाही येत?" 'काऊन' माझ्या तोंडून निघालं हे माझ्या लक्षातही आलं नाही.

त्यांनी सुपारीचं खांड एका गालातून दुसऱ्या गालात घेतलं. "त्या गावात माही पोरगी देल्ली हाय."

एकुलती एक. सहा वर्षांपूर्वी लग्न झालं, इथेच, मळ्यात मांडव घालून. वरच्या गावची वऱ्हाडी मंडळी जेवायला बसली आणि पहिल्याच घोटाला नवरदेवाच्या काकाने पाणी थुंकलं. म्हणाला, खालच्या लोकांच्या विहिरी म्हणजे मिठागरंच. पंगत हसली.

"ते थुंकले त्याचं काई नाई," आबाजी म्हणाले. "परके लोक. पानी जरा खारं हायच. पन त्या पान्यावर वाढलेली माही पोरगी, थेबी हासली. पदर लावून हासली. म्या पाह्यलं." त्यांनी त्या गावाकडे दुमडलेलं बोट केलं. "तवाच सांगतलं, जिता हाय तवर ह्या झाडाच्या पुढं पाय नाई. अन् त्याईचं पानी ओठाले नाई."

पहिल्या दिवाळीला लेक आली, तर हे तीन दिवस डोंगरातच राहिले. दुसऱ्या दिवाळीला निरोप आला, हे गप्प. मग निरोपही थांबले. आणि हे मात्र दर चार दिवसांनी झाडाखाली जाऊन बसतात.

मी तिथल्या तिथे क्षमा या विषयावर बोलले. पाच मिनिटं तरी बोलले असेन. त्यांनी सगळं नीट ऐकलं.

"छान बोलते तू," म्हणाले. "घरी जेवाले काय केलं आज ताईनं?"

भाऊबीज झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी ताई आणि भाऊजी पहाटेच खामगावला गेले, संध्याकाळी यायचे होते. मी उशिरा उठले. आबाजी एकटेच डोंगरावर गेलेले. नऊच्या सुमाराला शेजारची बुढीमाय ओसरीवर आली. डोळ्याला पदर.

"अवो माय! आबाजीले घाटावर नेलं वो!"

आता इथे माझी वकिली मीच करते. त्या जिल्ह्यात 'घाटावर' म्हणजे डोंगराच्या वरचा मुलूख, 'घाटाखाली' म्हणजे खालचा. वीस दिवसांत हा शब्द मी पन्नास वेळा ऐकला होता. पण माझं माहेर कृष्णेच्या काठचं. आमच्याकडे माणूस आंघोळीला घाटावर जातो, धुणं धुवायला घाटावर जातो, आणि घाटावर *नेलं* म्हटलं की त्याचा एकच अर्थ होतो. मला शब्दाने नाही फसवलं, क्रियापदाने फसवलं. मराठीच्या विद्यार्थिनीला!

तरी मी खात्री करून घेतली बरं का.

"कोणी नेलं?" मी विचारलं.

"चौघाईनं उचलून नेलं."

"काही सामान... लाकडं वगैरे?"

"हाव ना, सीताफळवाल्याईनं चांगल्या काठ्या तोडल्या. काठ्याईले बांधूनच नेलं बाप्पा. हालू नाई म्हून."

चौघांनी, काठ्यांना बांधून, घाटावर. आणखी काय विचारायचं राहिलं? मी मोठ्याने रडायला लागले. बुढीमाय चमकली. माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "रडू नको व पोरी. येतीन की वापस."

मला वाटलं, काय ही खेड्यातली श्रद्धा! पुनर्जन्मावर केवढा विश्वास! आणि ती चुलीवर भाकर आहे म्हणून निघून गेली तेव्हा वाटलं, काय हा स्थितप्रज्ञपणा!

मग आंघोळ, पांढरी साडी आणि कार्ड. लेकीला कळवायला हवं हे मला एकटीलाच सुचलंय, या विचाराने मला दुःखातही थोडं बरं वाटत होतं. मजकूर आजही पाठ आहे: 'आपले तीर्थरूप वडील इहलोकीची यात्रा संपवून गेले. त्यांस घाटावर नेण्यात आले आहे. अखेरच्या क्षणी त्यांच्या मुखी आपलेच नाव होते.' शेवटचं वाक्य कुठून आलं? अशा पत्रात ते असतंच, म्हणून आलं.

दहाची एस.टी. घाट चढून बुलढाण्याला जायची. ड्रायव्हरने फाटका कोपरा बघितला आणि कार्ड खिशात ठेवलं नाही. समोरच्या काचेपाशी खोचलं. "देतो मी हातात," म्हणाला. मी उगाच त्याला नमस्कार केला.

एकच्या गाडीने लेक आली. गाडीतून उतरल्यापासून तिचा टाहो गावभर ऐकू येत होता. "आबा वो! माह्या आबा!" अंगावर घरातलंच लुगडं, केस सुटलेले, दोन लेकरं सासूपाशी टाकून धावलेली. मी पांढऱ्या साडीत पुढे झाले आणि आम्ही दोघी, ओळख ना पाळख, गळ्यात गळा घालून रडलो. तेवढ्यात बुढीमाय पिठाच्या हातांनी धावत आली.

"अवो, काय झालं वो तुमाले? पाय मोडला त्याईचा! टरकात घालून बुलढान्याच्या दवाखान्यात नेलं. घाटावर नेलं, घाटावर!"

लेकीचा आवाज मधल्या मधे तुटला. तिने कमरेचं कार्ड काढलं. कोपरा फाटलेलं.

"हे कोनं लेहलं?"

पांढरी साडी नेसलेली गावात मी एकटीच होते.

मला वाटलं, ती मारील. तिने हात उचललाही होता बहुतेक; पण त्या हाताने तिने स्वतःचं तोंड पुसलं. मग मळ्यात गेली, विहिरीतून कळशी भरली आणि येऊन माझ्या हातात दिली.

"चाल. तूबी चाल. मी एकटी गेली तं तो माह्याकडे पाहाचा नाई."

तीनच्या गाडीत मी कळशी मांडीवर घेऊन बसले. घाटाच्या प्रत्येक वळणाला थोडं पाणी माझ्या साडीवर. ती खिडकीकडे तोंड करून बोलत होती. सकाळी ट्रक तिच्याच गावावरून गेला होता, ती अंगणात दाणे वाळू घालत होती, तिने तो बघितलाही होता. "सोळा वर्साची होती मी," ती मधेच म्हणाली. "सारे हासले. नाई हासली तं सासरचे काय म्हनतीन, ह्या भेवानं हासली. घरी जाऊन रडली. थे त्याले कोन सांगन?"

दवाखान्यात आबाजी खाटेवर होते, पाय फळीला बांधलेला. उलटं उतरताना रात्रीच्या पावसाने निसटलेला एक दगड पाठ नव्हता, एवढंच झालं होतं. नर्सबाई वैतागलेल्या. "सकाळपासून घोटभर पाणी घेतलं नाही यांनी. अंगात ताप आहे. गोळीसुद्धा कोरडी चघळतात. म्हणतात, वरचं पाणी पिणार नाही. डॉक्टर चार वेळा बोलून गेले." ओठ खरंच चिरले होते. जीभ जड झाली होती.

त्यांनी लेकीकडे बघितलं. सहा वर्षांनी. तिचे सुजलेले डोळे, सुटलेले केस.

"कोन मेलं व?"

"तुमीच, आबा."

आणि तिने कार्ड पुढे केलं. "ह्या पुन्याच्या बाईनं मारलं तुमाले."

मला वाटत होतं जमीन दुभंगावी. आबाजी म्हणाले, "वाच." कार्ड वाचायची वेळ माझ्यावरच आली. इहलोकीची यात्रा आली तेव्हा ते म्हणाले, "चांगलं लेहलं." मग शेवटचं वाक्य. तेही वाचलं. अखेरच्या क्षणी त्यांच्या मुखी आपलेच नाव होते.

आबाजी माझ्याकडे बघत राहिले. रागाने नाही, सापडलेला चोर बघतो तसे.

"हे तुले कोनं सांगतलं?"

मी ते हवेतून लिहिलं होतं. पण लेक खाटेजवळ सरकली.

"खरं हाय का, आबा?"

त्यांनी छताकडे तोंड केलं. मग म्हणाले, "पानी दे."

तिने कळशीतून पेला भरला. "तुमच्या हिरीचं हाय."

"तू पेय पह्यलं."

ती उभ्या उभ्या प्याली. घटाघट, पेला संपेपर्यंत, हनुवटीवरून ओघळ गळ्यात. मग पुन्हा भरून त्यांच्या ओठांना लावला. त्यांनी तो पेला संपवला, आणखी एक संपवला. तिसऱ्याला कळशी रिकामी झाली, कारण उरलेली माझ्या साडीत होती. नर्सबाईंनी माठातलं पाणी आणून दिलं. वरचं पाणी. आम्ही तिघी बघत उभ्या. त्यांनी ते तोंडात घेतलं, गिळलं आणि नाक मुरडलं.

"गोड हाय," म्हणाले. "अन् हे लोक ह्याच्यावर गमजा करून राह्यले."

पाय सांधेपर्यंत लेकीने त्यांना आपल्याच घरी ठेवून घेतलं. त्यानंतर ते पुष्कळ वर्षं जगले आणि मरेपर्यंत उलटेच उतरले, असं ताईच्या पत्रांतून कळे. मी मराठीची एम.ए. झाले, तीस वर्षं शिकवलं, आणि कुणाही मुलीचं 'मले' कधी खोडलं नाही. ही माझी एकमेव शैक्षणिक कामगिरी, आणि तिचं श्रेय एका वांग्याच्या वाफ्याला आहे. डोंगर कसा बघावा हेही त्यांनीच शिकवलं: बोट दुमडून, खाकरून, पाठ न करता. निसर्गवर्णनांची वही मी ताईकडे चूल पेटवायला ठेवून आले.

परत निघायच्या आदल्या दिवशी मी त्यांना भेटायला वरच्या गावी गेले. ते अंगणात खाटेवर होते, जावयाला वांग्याची आळी कशी करायची ते शिकवत होते आणि जावई निमूट ऐकत होता. मी पाया पडले, माफी मागायला तोंड उघडलं. "तू जा बाप्पा आता," ते म्हणाले, "नाई तं आनखी कोनाले तरी मारशीन."

लेक मला फाट्यापर्यंत सोडायला आली. गाडी दिसली तेव्हा मी पुन्हा म्हटलं, की माझ्यामुळे तुम्हाला त्या दिवशी उगाच केवढं रडावं लागलं. तिने माझी पिशवी माझ्या हातात दिली.

"नाई वो बाई. आबासाठी जे रडाचं होतं थे माह्यं रडून झालं. आता नुसतं भेटाचं राह्यलं."